हंगामी लस घ्यायला निघालात? या चुका टाळा

काही हंगाम मी लसीकरणाच्या नोंदणीच्या टेबलावर स्वयंसेवक म्हणून बसले आहे. सुई टोचणं माझ्याकडे नव्हतं. नाव, वय, आजार, मागचा डोस कधी, एवढं लिहून घ्यायचं आणि माणसाला आत पाठवायचं. त्या खुर्चीत बसून एक गोष्ट चांगलीच कळली. लस न मिळता परत जाणारे बहुतेक जण आत पोचायच्या आधीच परत गेलेले असतात. कुणी चुकीच्या वेळी येतं, कुणी चुकीच्या दारात येतं, आणि कुणी माझ्या प्रश्नाला चुकीचं उत्तर देतं.

"मागे घेतली आहे की!"

फ्लूच्या लशीबद्दल सर्वांत जास्त ऐकलेलं वाक्य हे. घोटाळा 'बूस्टर' या शब्दाने केलाय. बूस्टर म्हटलं की वाटतं, जुन्याच लशीचा आणखी एक डोस. राहिला तरी काय बिघडतं? पण फ्लूची यंदाची लस आणि गेल्या वर्षीची लस यांत आतला मालच वेगळा असू शकतो. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा बैठक घेते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या पुढच्या हंगामासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, आणि लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते सुचवते.

लशीचं खोकं हातात आलं तर बारीक अक्षरं वाचून बघा. २०२४-२५ च्या उत्तर गोलार्धाच्या खोक्यावर 'ए/थायलंड/८/२०२२ (एच३एन२)' असं एक नाव होतं. विषाणूचा प्रकार ए, नमुना थायलंडमध्ये सापडला, तिथला तो आठवा, वर्ष २०२२, आणि कंसात त्याचा उपप्रकार. शेजारी 'बी/ऑस्ट्रिया/१३५९४१७/२०२१' होतं. विषाणूचा पत्ताच म्हणा ना. पूर्वी बऱ्याच लशींत चार विषाणू असत. त्यातला बी/यामागाता हा वंश मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने सापडलेला नाही, म्हणून तो वगळायला सांगितलं गेलं आणि लशी पुन्हा तीन विषाणूंच्या झाल्या. तेव्हा "पूर्वी चार होते, आता तीनच, काहीतरी कमी दिलं" असं मनात आणू नका.

शिवाय लशीने आलेलं संरक्षण काही महिन्यांत उतरतं. विषाणू बदलला नाही तरी वर्षाने पुन्हा घ्यावी लागते ती यामुळे. कोविडचंही तसंच आहे, फक्त तिथे मागचा डोस किती महिन्यांपूर्वी झाला हे कटाक्षाने विचारतात. तारीख आठवत नसेल तर घरून निघण्याआधी शोधा. टेबलावर उभं राहून "पावसाळ्यात की दिवाळीत?" असा विचार करत बसलं की मागची रांग चुळबुळ करायला लागते.

आजूबाजूला सगळे खोकायला लागल्यावर येणं

टोचल्यावर शरीराला तयारीला साधारण दोन आठवडे लागतात. साथ घरात शिरल्यावर घेतलेली लस अगदीच वाया जात नाही, पण पहिले पंधरा दिवस तुम्ही जवळजवळ उघडेच असता. उलटी चूकही आहे: फार लवकर घेणं. उत्तर गोलार्धातल्या थंड देशांत फ्लूचा जोर हिवाळ्यात असतो. तिथे ज्येष्ठांनी जुलै-ऑगस्टमध्येच लस उरकली तर ऐन भरात संरक्षण ओसरायला लागतं. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. दक्षिण गोलार्धात हे सगळं सहा महिने पुढेमागे होतं. आणि उष्ण कटिबंधात फ्लू कॅलेंडर पाळतच नाही. कुठे पावसाबरोबर येतो, कुठे वर्षात दोनदा डोकं वर काढतो.

मुलांकडे किंवा नातवंडांकडे दुसऱ्या गोलार्धात जाणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. इथला हंगाम संपला म्हणून निर्धास्त निघतात आणि तिथल्या हंगामात जाऊन उतरतात. निघायच्या किमान दोन आठवडे आधी डॉक्टरांना जायची जागा आणि महिना सांगा.

"मला काही आजार नाही"

ही चूक मला सगळ्यांत जास्त छळते, कारण ती चांगल्या माणसांकडून होते.

एक मावशी आल्या होत्या, वय अठ्ठावन्न. त्या केंद्रावर वयाची अट साठच्या पुढची, किंवा मग जुना आजार. मी विचारलं, "काही आजार?" "छे हो, ठणठणीत आहे." मी यादीत बघितलं आणि सांगितलं की मग यंदा तुमचा नंबर नाही. त्या मुळीच कुरकुरल्या नाहीत. वळल्या, चष्मा ठेवायला पर्स उघडली आणि आत गोळ्यांची पट्टी दिसली. "या कसल्या, मावशी?" "या होय? शुगरच्या. पण ती कंट्रोलमध्ये आहे. बारा वर्षं झाली."

बारा वर्षं मधुमेह असलेली बाई "आजार नाही" म्हणून परत चालली होती! तिच्या दृष्टीने खोटंही नव्हतं ते. गोळीने आटोक्यात असलेली गोष्ट आपण आजारात मोजतच नाही. यादी मात्र आजार आहे की नाही एवढंच बघते, आटोक्यात आहे का ते विचारत नाही. मधुमेह, दमा, फुप्फुसाचे जुने विकार, हृदयविकार, किडनीचा किंवा यकृताचा आजार, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, कॅन्सरवरचे उपचार, हे सगळं सांगायचं. त्यानंतर मी प्रश्नच बदलला. "काही आजार?" ऐवजी "रोज कुठली गोळी चालू आहे?" असं विचारायला लागले. तुम्हाला कुणी असं विचारलं नाही तरी तुम्ही आपणहून सांगा. औषधांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असला तर उत्तम.

जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूच्या लशीसाठी अग्रक्रम सांगितलेत ते असे: गरोदर स्त्रिया, लहान मुलं, ज्येष्ठ, जुने आजार असलेले आणि आरोग्यसेवेत काम करणारे. त्यापुढे प्रत्येक देश आपापली रेघ ओढतो. अमेरिकेने २०१० साली सहा महिन्यांवरच्या जवळपास सगळ्यांनाच दरवर्षी लस घ्यायचा सल्ला दिला. ब्रिटनमध्ये ज्येष्ठांसाठी पासष्टची रेघ आहे.

आणि एकाच देशात दोन लशींच्या दोन याद्या असतात, हे तर कुणाच्या लक्षातच येत नाही. इंग्लंडमध्ये २०२५ च्या शरद ऋतूत फ्लूची लस पासष्टीला मिळत होती, पण कोविडची पंचाहत्तरीपासून, किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी असेल तर आणि ज्येष्ठांच्या निवासात राहत असाल तर. म्हणजे अडुसष्ट वर्षांचे धडधाकट आजोबा एका लशीला पात्र, दुसरीला नाही. त्यात भांडण्यासारखं काही नसतं. पण गेल्या वर्षी मिळाली म्हणून यंदाही मिळेल हे गृहीत धरू नका, आणि गेल्या वर्षी नाकारली म्हणून यंदा घरी बसू नका. यादी दर हंगामाला नव्याने निघते.

गरोदरपणात "पोटात बाळ आहे, नको सुई" म्हणणाऱ्या सासवा आणि आया दोन्ही पाहिल्यात. फ्लूची टोचायची लस गरोदरपणात कोणत्याही महिन्यात चालते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही, त्याला मिळतं ते आईकडून गेलेलं संरक्षण. नको म्हणण्यामागे काळजी असते, पण इथे ती उलटी पडते.

चुकीचं दार

फॅमिली डॉक्टर, सरकारी आरोग्य केंद्र, रुग्णालयाचा लसीकरण विभाग हे नेहमीचे दरवाजे. काही देशांत औषधाच्या दुकानातला प्रशिक्षित फार्मासिस्टही टोचतो, पण त्याला बऱ्याचदा ठरावीक वयावरच्यांनाच टोचायची परवानगी असते. लहान मुलाला कडेवर घेऊन तिथे गेलेली माणसं हिरमुसून परत येतात. मुलांचं काम बालरोगतज्ज्ञाकडे किंवा शाळेतल्या मोहिमेत होतं, गरोदर स्त्रीचं तपासणी होते तिथेच होऊ शकतं. नोकरीच्या ठिकाणी शिबिर असेल तर तेही एक दार. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरी येऊन टोचायची सोय असते का, हे विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही.

निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा. यंदाच्या हंगामाची लस आहे का? या वयाच्या माणसाला तुम्ही देता का? येताना काय आणू? "लस आहे का?" एवढंच विचारलंत तर "आहे" म्हणतील. कोणाला आणि कुठली, हे मग काउंटरवर कळेल.

आणि कृपा करून लस विकत घेऊन घरच्या फ्रिजच्या दारात ठेवू नका, "रविवारी डॉक्टर येतील तेव्हा टोचतील" म्हणून. फ्लूची लस दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवी. फ्रिजचं दार दिवसात कितीदा उघडतं ते आठवा. मागच्या भिंतीला टेकली तर गोठते, आणि गोठलेली लस कामातून गेली. वितळवून परत वापरायची नाही. दिसायला ती तशीच दिसते, ही खरी पंचाईत.

माझ्यासाठी कुठली?

टोचणाऱ्याला ठरवू द्या, पण काही गोष्टी तुम्हीच सांगितल्या पाहिजेत. नाकात फवारायची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. ती गरोदर स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना देत नाहीत. सुईला घाबरतो म्हणून फवारा मागणाऱ्या पोराच्या बाबतीत घरात कुणाची केमोथेरपी चालू आहे का, हेही सांगा. काही देशांत ज्येष्ठांसाठी जास्त ताकदीची लस असते. विचारायला हरकत नाही, पण ती नाही म्हणून साधीही न घेता परतणं म्हणजे हातचं सोडणं.

नऊ वर्षांखालच्या मुलाची फ्लूची लस आयुष्यात पहिल्यांदाच असेल तर साधारणपणे दोन डोस सांगतात, मध्ये किमान चार आठवडे. आईबाप पहिला देतात आणि दुसरा विसरतात. पहिल्याच दिवशी दुसऱ्याची तारीख घेऊन मोबाइलमध्ये टाका.

अंड्याची अ‍ॅलर्जी? बऱ्याचशा फ्लू लशी अंड्यांत विषाणू वाढवून करतात, म्हणून पूर्वी फार घाबरवायचे. तो सल्ला आता बराच सैल झालाय. अडचण असते ती आधीच्या फ्लूच्या लशीनेच गंभीर रिअ‍ॅक्शन आली असेल तर, किंवा लस घेतल्यावर सहा आठवड्यांत गियाँ-बारे (नसांवर हल्ला करून अशक्तपणा आणणारा आजार) झाला असेल तर. यातलं काही असेल तर बाही वर करायच्या आधी बोला.

त्या दिवशीच्या बारीकसारीक गोष्टी

नाक वाहतंय म्हणून लस पुढे ढकलू नका. चांगला ताप असेल तर मात्र उतरू द्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नका. सांगितलं की बारीक सुई वापरतात, मग जागा दोन मिनिटं घट्ट दाबून धरायची, चोळायची नाही. दुखू नये म्हणून आधीच पॅरासिटामॉल घेऊन यायचीही गरज नाही. घट्ट बाहीचा शर्ट नको. दंड मोकळा करताना निम्मा वेळ जातो.

फ्लू आणि कोविड एकाच दिवशी, दोन दंडांत घेता येतात. न्यूमोनियाची लस आणि आरएसव्हीची (श्वसनमार्गाच्या आणखी एका विषाणूवरची) लस मात्र दरवर्षीच्या नाहीत. "सगळ्या हंगामी द्या" म्हटलं की टेबलावरची व्यक्ती गोंधळते. नावं घेऊन मागा.

"लस घेतली आणि फ्लूच झाला"

टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, तिने फ्लू होत नाही. दंड दुखणं, अंग मोडून येणं, एक-दोन दिवस कणकण हे नेहमीचं. तिसऱ्या दिवशी घसा धरला तर तो बहुधा दुसराच विषाणू. सर्दीचे विषाणू शेकड्यांनी आहेत आणि ही लस त्यांच्यासाठी नाही. टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवतात ती औपचारिकता समजून पळू नका. चक्कर येणारे दारापाशीच पडतात, मी पाहिलंय. चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला तर बसून वाट बघायची नाही, तिथल्या तिथे सांगायचं किंवा आणीबाणीची गाडी बोलवायची.

नोंद सापडत नाही

मागचा डोस एका गावात, यंदाचा दुसऱ्या, नाव एकीकडे आडनावासकट, दुसरीकडे वडिलांच्या नावाने. संगणक म्हणतो, अशी व्यक्तीच नाही. अशा वेळी नव्याने नोंदणी करून मोकळे होऊ नका. एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या की पुढच्या वर्षी गोंधळ दुप्पट. जिथे आधी घेतली तिथून तारीख मिळवा आणि जुनी नोंद दुरुस्त करून घ्या. कार्ड हातात पडलं की तिथेच उभं राहून तपासा: नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, लशीचं नाव, बॅच नंबर, तारीख. माझ्या अक्षरातही एकदा जन्मसालातल्या सातचा एक झाला होता. त्या आजोबांनी चष्मा पुसून तो पकडला आणि म्हणाले, "बाई, यात माझं वय सहा वर्षांनी वाढलंय."