'द मूव्हीज': पहिला सिनेमा तोट्यात जाऊ नये म्हणून

लायनहेड कंपनीचा 2005 चा हा सिनेमा स्टुडिओ चालवायचा कॉम्प्युटर गेम 1920 पासून सुरू होतो. कामासाठी रांगेत थांबलेला माणूस कर्सरने उचलून स्क्रिप्ट ऑफिसात टाका, लेखक तयार. पटकथा झाली की ती कास्टिंग ऑफिसात न्या, दिग्दर्शक आणि नट भरा, मग तालीम, मग शूटिंग.

घोळ होतो तो सेटवर. एकच सेट पुन्हा पुन्हा वापरला की त्याचं नावीन्य घसरतं आणि सिनेमाला मिळणारे रेटिंगचे तारे कमी होतात. डागडुजी केली तरी नावीन्य परत येत नाही, मोडतोड तेवढी भरून निघते. म्हणून दोन-तीन सेट आलटून पालटून वापरा.

नट चिडचिडला तर शूटिंग रेटू नका. मोठा ट्रेलर (नटाची चाकांवरची खोली) किंवा पगारवाढ देऊन पाहा. बारमध्ये सोडलात तर ताण उतरतो खरा, पण दारूची सवय लागते.