मेळघाटात मराठी शिकवायला जाताय? आधी कोरकू ऐकायला बसा

दरवर्षी ॲडमिशनची धावपळ संपली की ज्युनियर पोरंपोरी विचारतात, ताई आम्हाला पण मेळघाटात शिकवायला यायचंय, काय करावं लागते? प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. मी अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूर तालुक्यातली, बीएचं शेवटचं वर्ष चालू आहे, आणि फर्स्ट इयरपासून आमचा सात-आठ जणांचा ग्रुप परतवाड्याहून घाट चढून वर मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या एका गावात जाते. तिथं जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात रविवारी दोन तास पोरांसोबत बसतो, मराठी वाचायला-बोलायला मदत करतो आणि त्यांच्याकडून कोरकू शिकतो. दुसरी गोष्ट केली नाही तर पहिली होत नाही, हे मला सगळ्यात आधी सांगायचं आहे.

सुरुवात कुठून करायची? एनएसएसपासून, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेपासून करा, सोपं जाते. एनएसएस 24 सप्टेंबर 1969 ला गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालं, त्यात दोन वर्षांत 240 तास काम करायचं असते आणि वर सात दिवसांचं निवासी शिबिर. बहुतेक जण शिबिरालाच काम समजतात. आमचंही पहिल्या वर्षी तेच झालं, एका गावात सात दिवस राहिलो, पोरांना गाणी शिकवली, वह्या वाटल्या, शेवटच्या दिवशी पोरं रडली आम्हीही रडलो, आणि मग त्या गावात परत कोणी गेलंच नाही. पुढच्या वर्षी मी त्या रस्त्यानं गेली तर एक पोरगी धावत आली आणि विचारलं, तुम्ही येतो म्हटलं होतं ना? मला तिच्याकडे पाहवलं नाही. तेव्हापासून आमच्या ग्रुपचा नियम आहे, वर्षाला निदान पंधरा रविवार देता येत असतील तरच नाव द्या, कमी असतील तर दुसरं काम घ्या, कामं भरपूर आहेत. शिबिर करा, पण ते ओळखीसाठी. 240 तासांतले बाकीचे तास असे रविवारी दोन-दोन करून त्याच गावात घाला, कार्यक्रम अधिकारी सरांना आधी विचारलं तर ते हजेरी वहीत धरतात. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट किंवा कम्युनिटी एंगेजमेंटमध्ये पण असं काम बसवता येते, डिपार्टमेंटला विचारून घ्या.

परवानग्या कंटाळवाण्या आहेत पण टाळू नका. कॉलेजचं पत्र, ते घेऊन मुख्याध्यापकांकडे, ते म्हणतील तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत स्वतः जाऊन बसायचं, कारण तिथं पोरांचे मायबाप असतात आणि खरी परवानगी त्यांचीच. पोलीस पाटलांना आणि आशाताईला भेटा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना रामराम करून, आम्ही कोण, कुठले, का आलो हे नीट सांगा, घाईत नाही.

आता वेळापत्रक, इथं बाहेरून येणारे सगळे फसतात. कॉलेजवाले डिसेंबर-जानेवारीत शिबिर ठेवतात कारण परीक्षा संपलेल्या असतात, हवा छान असते. पण दिवाळी झाली की मेळघाटातली कितीतरी कुटुंबं कामाला खाली उतरतात, वीटभट्टीवर, संत्रा तोडायला, हरभरा सोंगायला, लेकरंही सोबत जातात, आणि होळीला परत येतात. म्हणजे तुम्ही जाल तेव्हा अर्धा वर्ग रिकामा. जूनच्या शेवटापासून दिवाळीपर्यंतचा काळ खरा, तेव्हा पोरं गावात असतात. फक्त पावसात सिपना-गडगाला पूर आला की रस्ता बंद होते, म्हणून निघायच्या आधी गावात कोणाला तरी फोन करून विचारा, रेंज नसली तर आदल्या दिवशीच्या एसटीच्या कंडक्टरला विचारा, त्यांना सगळं माहीत असते. आणि दुपारीच परतीची गाडी धरा, संध्याकाळी उशिरा जंगलातल्या रस्त्यावर थांबायचं नाही.

तर आता भाषा. आपण काय समजतो, कोरकू म्हणजे मराठीचीच एखादी बोली, जशी आपली वऱ्हाडी. तसं अजिबात नाही. कोरकू मुंडा कुळातली भाषा आहे, तिचे जवळचे नातेवाईक म्हणजे झारखंड-ओडिशाकडच्या संथाली, मुंडारी. मराठी आणि हिंदी एकमेकींच्या बहिणी म्हणता येतील, पण कोरकू आणि मराठीचं घराणंच वेगळं. 2011 च्या जनगणनेत सात लाखांच्या वर लोकांनी कोरकू मातृभाषा म्हणून सांगितली, त्यातले जास्त मध्य प्रदेशात आणि बाकीचे मुख्यतः आपल्या मेळघाटात. संथाली 2003 च्या घटनादुरुस्तीनं आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेतल्या भाषांच्या यादीत आली, कोरकू अजून नाही. भाषाच अशी वेगळी, म्हणून सहा वर्षांचं पोर पहिलीत येऊन बसते तेव्हा गुरुजी जे बोलतात ते त्याच्यासाठी परक्या मुलखाचं असते. धारणीकडं तर मध्य प्रदेश लागून असल्यामुळे पोरांच्या कानावर बाजारात हिंदी पडते, मराठी फक्त शाळेत. पोरगं गप्प बसलं की आपण म्हणतो कच्चं आहे. ते कच्चं नाही हो, त्याला समजून नाही राहिलं.

म्हणून पहिले तीन रविवार शिकवायचंच नाही. बसायचं, खेळायचं, आणि शब्द मागायचे. वही उघडून विचारायचं, याला तुम्ही काय म्हणता? पाणी म्हणजे डा, घर म्हणजे उरा, वाघ म्हणजे कुला. आकडे मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई. गावागावात उच्चार थोडा बदलते, तुमच्या गावातली पोरं म्हणतील तेच बरोबर धरा. आमच्या गावात दुसरीतला एक पोरगा होता, तीन रविवार खांबाला टेकून बसायचा, एक शब्द नाही. चौथ्या रविवारी मी चिंचोके मांडून मोजत होती आणि चारला मी उपून म्हटलं. तो तिथूनच म्हणाला, उफुन. मी परत चुकली. तो उठून माझ्यासमोर येऊन बसला, ओठ मिटून मोठा श्वास सोडत म्हणाला, उ-फुन, आणि मला येईपर्यंत म्हणायला लावलं. त्या दिवशी तो मला दहापर्यंत शिकवून गेला आणि जाताना त्यानं मराठीत एक ते दहा म्हणून दाखवलं, त्याला ते आधीपासूनच येत होतं. ज्याला आपण काही शिकवू शकतो त्याच्यासमोर चुकायची भीती राहत नाही, लेकरांचंही तेच आहे.

कोरकूची थोडी रचना समजून घेतली तर पोरांच्या मराठीतल्या चुका कुठून येतात ते कळते. मराठीत प्रत्येक वस्तूला लिंग, तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल, आणि त्याप्रमाणे क्रियापद बदलते. कोरकूत असा स्त्री-पुरुष भेद सगळ्या वाक्यात नाचत नाही, तिथं जीव असलेलं आणि नसलेलं हा फरक महत्त्वाचा. त्यामुळे पोरगं म्हणते, माझा माय आला. हसू नका आणि लगेच दुरुस्त पण करू नका, तुम्ही फक्त म्हणा, हो का, तुझी माय आली? कुठून आली? पाच-सहा रविवारांत कान आपोआप धरते. उलट काही गोष्टी कोरकूत मराठीपेक्षा जास्त बारीक आहेत. दोन असले तर शब्दाचं रूप वेगळं आणि दोनाहून जास्त असले तर वेगळं. कोरकू या नावातच ते दिसते, कोरो म्हणजे माणूस, त्याला कु लागला की माणसं. आणि आपल्याकडं जसं आम्ही आणि आपण वेगळं, ऐकणारा धरून की सोडून, तसंच कोरकूतही आहे. हिंदीत दोन्हीला हमच. कोरकूत हा फरक आहेच, म्हणून आपण आणि आम्ही हे पोरं एका झटक्यात शिकतात, पहिल्या महिन्यात हाच धडा घ्या, आपण नदीवर जाऊ, आम्ही नदीवर गेलो होतो, असे खेळ करा, त्यांना लई मजा येते.

वाचनासाठी आम्ही जे करतो ते सांगते, खर्च जवळपास नाही. पाठकोरे कागद आणि दोन रंगांचे पेन पाहिजे. अ अननसाचा असा तक्ता भिंतीवर असते पण त्या गावात अननस कोणी पाहिलेला नाही, तिथून सुरू करू नका. पोराला चित्र काढू द्या, जे मनात येईल ते. मग विचारा, सांग यात काय आहे, तुझ्या भाषेत सांग. तो जे सांगेल ते देवनागरीत निळ्या पेनानं चित्राखाली जसंच्या तसं लिहा. देवनागरीत कोरकू चांगली लिहिता येते, काही ठिकाणी आवाज बरोबर पकडला जात नाही तर पोरांनाच विचारा. मग त्याखाली लाल पेनानं तेच मराठीत, तीन-चार शब्दांचं छोटं वाक्य. आता हा कागद त्याचा धडा. स्वतःचंच बोलणं अक्षरात दिसलं की पोरगं बोट ठेवून वाचते, कारण काय लिहिलंय ते त्याला आधीच माहीत असते. एका पोरीनं मोहफुलं वेचणारी आजी काढली होती, खाली तिचे चार शब्द लिहिले, तिनं तो कागद घडी करून फ्रॉकच्या खिशात घातला आणि पुढच्या रविवारी तोच मळलेला कागद घेऊन आली, न अडखळता वाचला आणि मग विचारलं, आजीच्या टोपल्याचं पण लिहा. वीस-पंचवीस कागद जमले की दोऱ्यानं शिवून पुस्तक करायचं आणि शाळेत ठेवायचं. गुरुजींना दाखवा, त्यांच्यापैकी कित्येक जण बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले असतात आणि त्यांनाही अशी मदत पाहिजेच असते. 2020 च्या शैक्षणिक धोरणात शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हटलंच आहे, घटनेच्या कलम 350 अ मध्ये तर 1956 पासून प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्यायची गोष्ट आहे.

आपल्या स्वतःच्या बोलीचं काय करायचं, हाही प्रश्न येते. आपण वऱ्हाडातले, आपल्या तोंडात डोळ्याचा डोया होते, शाळेची शाया, केळ्याचं केयं. पोरं तुमच्या तोंडून डोया ऐकतात आणि पुस्तकात डोळा पाहतात, गोंधळ होते. मी त्यांना सरळ सांगते, माझ्या घरी डोया म्हणतात, पुस्तकात डोळा लिहितात, तुमच्या घरी तिसरंच म्हणतात, तिन्ही खरे आहेत, वाचताना पुस्तकातलं म्हणायचं. आपल्याला पण कधी ना कधी कोणीतरी मले-तुले वरून टोकलंच आहे, तेव्हा कसं वाटलं होतं ते आठवा आणि पोरांवर तेच करू नका.

सांस्कृतिक देवाणघेवाण म्हटलं की कॉलेजात पहिली आयडिया येते, पोरांना पारंपरिक ड्रेस घालून स्टेजवर नाचवायचं आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवायच्या. मला हे पटत नाही. त्यात ते देतात आणि आपण फक्त पाहतो. त्यापेक्षा होळीला गावात जा, कोरकू लोकांचा तोच सगळ्यात मोठा सण, कामाला गेलेले लोक परतलेले असतात, ढोल-बासरी रात्रभर चालते, रस्त्यावर अडवून फगवा, म्हणजे होळीचे पैसे मागतात, खुशीनं द्या. बोलावलं तर नाचा, नाही बोलावलं तर बाजूला बसून पाहा. आणि तुमच्या घरच्या पोळ्याला त्यांच्यातल्या चार-पाच पोरांना मायबापांच्या परवानगीनं आणि एका पालकाला सोबत घेऊन आणा, आमच्याकडं तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरं फिरतात ते पाहून तिथली पोरं खूप खूश झाली होती. गावातल्या एखाद्या आजोबांना कॉलेजात बोलवा, गोष्ट कोरकूतच सांगू द्या, नातू मराठीत सांगेल. मातृभाषा दिन 21 फेब्रुवारीला आणि मराठी भाषा गौरव दिन 27 फेब्रुवारीला येते, पण तेव्हा गाव रिकामं असते हे वर सांगितलंच, म्हणून आम्ही असा कार्यक्रम 9 ऑगस्टला आदिवासी दिनी घेतो.

मोठ्या माणसांनाही मराठी लागते, पण ती वेगळी मराठी. बँकेची स्लिप, एसटीची पाटी, दवाखान्यात काय सांगायचं, सातबारावर काय लिहिलंय. एका बाईनं मला सांगितलं की डॉक्टरनं विचारलं कधीपासून दुखते, तिला समजलं पण उत्तर देता आलं नाही. तेव्हा आम्ही दुखण्याचे, दिवसांचे आणि औषधाच्या वेळांचे शब्द चित्रं काढून बायकांसोबत बसून केले, ते कुठल्याही बाराखडीपेक्षा जास्त कामी आलं. फॉर्म भरून द्या पण त्यांना वाचून दाखवल्याशिवाय सही-अंगठा घेऊ नका.

काही गोष्टी पक्क्या ठेवा. नेहमी दोघं-तिघं मिळून जा, पोरी असतील तर गावातल्या एका ताईला सोबत घ्या. कोणत्याही लेकरासोबत एकट्यानं बंद खोलीत बसायचं नाही, उघड्या व्हरांड्यातच बसा. पोरांचे फोटो स्टेटसला टाकू नका, मायबाप हो म्हणाले तरी नाव-गाव नको. चॉकलेट, जुने कपडे वाटत फिरू नका, दोन रविवारांत पोरं तुमच्या पिशवीकडं पाहायला लागतात. डबा घरून न्या, पण कोणी कुटकीचा, म्हणजे तिथल्या बारीक भरडधान्याचा भात दिला तर बसून खा.

मेळघाट दूर पडत असेल तर आपल्या विदर्भात असं काम कुठंही आहे. यवतमाळमध्ये केळापूर-झरीकडं कोलामी, गडचिरोलीत गोंडी आणि भामरागडकडं माडिया, या तिन्ही द्राविडी कुळातल्या. पुसद-दिग्रसकडं बंजारा तांडे आहेत, सिरोंचाकडं तेलुगू बोलणारी गावं, चामोर्शी-मुलचेराकडं बंगाली. रीत तीच, पोरांच्या तोंडचे शब्द आधी.

शेवटचं, वही. आमच्या ग्रुपची एक जाड रजिस्टर वही आहे, त्यात प्रत्येक रविवारी कोण आलं, कोणतं पोर काय वाचू लागलं, कोणते नवे कोरकू शब्द मिळाले, कोणाचं घर कामाला कुठं गेलं आणि कधी येणार, सगळं लिहितो. थर्ड इयरवाले जाताना ती वही सेकंड इयरवाल्यांच्या हातात देतात आणि पहिल्या दोन रविवारी सोबत येऊन पोरांशी एकेकाची नावानं ओळख करून देतात. यंदा ती वही माझ्याकडं आहे, ज्याला यायचं आहे त्यानं येत्या शनिवारी कॉलेजच्या एनएसएस रूममध्ये भेटा, वही वाचायला दोन तास काढून या.