वंशावळीचा ऑनलाइन अभ्यासक्रम निवडताना

घराण्याचा इतिहास शिकवणारा ऑनलाइन अभ्यासक्रम निवडताना प्रमाणपत्रापेक्षा त्यातील गृहपाठाकडे आधी पाहावे. जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदी, जनगणनेचे तक्ते, मृत्युपत्रे आणि जमिनीचे दस्तऐवज प्रत्यक्ष वाचायला लावणारा, आणि दोन नोंदींत वय किंवा नाव जुळत नसेल तर कोणती नोंद अधिक विश्वासार्ह मानावी हे कारणांसह लिहून मागणारा अभ्यासक्रम नुसत्या चित्रफितींपेक्षा केव्हाही सरस ठरतो. उदाहरणार्थ, मृत्यूच्या नोंदीतील जन्मतारीख बहुधा ऐकीव असते, कारण ती सांगणारी व्यक्ती त्या जन्माच्या वेळी हजर असेलच असे नाही. पुराव्याची अशी पारख कुठे शिकवली जाते, हे विषयसूचीत शोधावे.

स्कॉटलंडमधील स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ आणि ऑस्ट्रेलियातील टास्मानिया विद्यापीठ या विषयाचे ऑनलाइन शिक्षण देत आले आहेत. मात्र दफ्तरे ठेवण्याची रीत देशागणिक बदलत असल्याने अभ्यासक्रमातून पद्धत घ्यावी, आणि पूर्वजांच्या प्रदेशात कोणत्या नोंदी कोठे मिळतात याची माहिती फॅमिलीसर्च या वंशावळविषयक संकेतस्थळाच्या मोफत संशोधन विकीवर (माहितीकोशावर) पाहावी.

पहिल्या पाठापासूनच प्रत्येक नावापुढे माहितीचा स्रोत आणि ती पाहिल्याची तारीख लिहावी. हे काम कंटाळवाणे खरे, पण नंतर करायचे म्हटले की ते होत नाही. डीएनए चाचणीचा भाग, तो कितीही आकर्षक वाटला तरी, कागदोपत्री दोन-तीन पिढ्या पक्क्या झाल्यावरच हाती घ्यावा. सरावाची वंशावळ ऑनलाइन ठेवताना हयात नातेवाइकांचे तपशील खासगीच राहतील, अशी सोय आधी करून घ्यावी.