अनारसे तुपात हसले, मग काय केलं

यंदा अनारशाचं पीठ तयार विकत आणलेलं, आणि पहिलाच अनारसा तुपात सोडला तर हसला की हो, पार विरघळून कढईभर पसरला. पीठ बोटांना चिकटत होतं, म्हणजे गूळ जास्त झालेला. सासूबाई म्हणाल्या तांदळाची पिठी घाल, पण साधी कोरडी पिठी घातली की अनारसे कडक होतात, म्हणून मूठभर जुना तांदूळ ३ दिवस भिजवला (पाणी रोज बदलायचं, नाहीतर वास येतो), कापडावर पसरून सावलीत वाळवला, पण जरा दमट असतानाच मिक्सरला फिरवला, बारीक चाळणीने चाळला आणि थोडा थोडा करत त्या पिठात मळत गेले, गोळा बोटाला चिकटायचा थांबेपर्यंत. परत २ दिवस डब्यात झाकून ठेवलं. मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तळले, उलटायचे अजिबात नाहीत, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. काय जाळी पडली म्हणून सांगू! तळले की चाळणीत उभे ठेवा, तूप निथळतं. आणि उलटं झालं, पीठ कोरडं पडून थापताना भेगा जायला लागल्या, तर पिकलेल्या केळ्याचा अगदी छोटा तुकडा मळून घ्या.