बदकाच्या अंड्यांतून पिल्ले निघाली नाहीत तर कारण कसे शोधावे

28 दिवस भरले, वर आणखी दोन दिवस वाट पाहिली, तरी अंडी जशीच्या तशी. ती फेकून देऊ नका. उबवणीत काय बिघडले, ते या अंड्यांइतके नेमके दुसरे काही सांगत नाही. (मस्कोव्ही बदकाच्या अंड्यांना मात्र 35 दिवस लागतात, त्यांना हात लावण्याची घाई करू नका.)

1. न उबलेली अंडी उघडून पाहा

अंधारात बॅटरीवर धरून आत हालचाल नाही याची आधी खात्री करा. मग मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, अंडे रुंद टोकाकडून फोडा. वास येणारे किंवा कवचातून पाझरणारे अंडे फोडू नका. आत वायू साठलेला असतो आणि ते हातात फुटते. ते पिशवीत बांधून पुरून टाका.

आत नुसता बलक असेल, रक्ताचा मागमूस नसेल, तर बहुधा अंडे अफलित होते. अशी अंडी बरीच निघाली तर पाच-सहा माद्यांमागे एक निरोगी नर आहे का ते पाहा.

रक्ताचे लाल कडे दिसले तर जीव पहिल्या आठवड्यातच गेला. अंडी 7 दिवसांपेक्षा जास्त साठवली होती, उन्हात राहिली होती किंवा सुरुवातीलाच उबवणी यंत्र जास्त तापले होते, अशी कारणे असतात. साठवण 13 ते 16 अंशांत, निमुळते टोक खाली ठेवून करावी.

मधल्या काळातल्या मृत्यूंमागे जंतुसंसर्ग, बराच वेळ गेलेली वीज किंवा माद्यांच्या खाद्यातली जीवनसत्त्वांची उणीव असू शकते.

पूर्ण वाढलेले, पिसे आलेले पिल्लू आत मेलेले दिसले, तर पुढचा भाग नीट वाचा. बदकांच्या बाबतीत सर्वात जास्त चटका इथेच बसतो.

2. वजनाचा हिशेब लावा

कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून अंड्यातले पाणी रोज थोडे थोडे उडते आणि रुंद टोकाची हवेची पोकळी वाढते. पिल्लू आधी याच पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेते. पाणी कमी उडाले तर पोकळी लहान राहते, पिल्लू सुजलेले, चिकट द्रवात बुडालेले सापडते. जास्त उडाले तर आतला पापुद्रा सुकून पिल्लाला आवळतो.

25 व्या दिवसापर्यंत वजन 12 ते 14 टक्के घटायला हवे. 80 ग्रॅमचे अंडे धरू: 7 व्या दिवशी साधारण 77, 14 व्या दिवशी 74 आणि 25 व्या दिवशी 69 ते 70 ग्रॅम. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने क्रमांक घाला आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर सगळी अंडी एकत्र तोलून सरासरी काढा. वजन कमी घटत असेल तर यंत्रातले पाण्याचे भांडे लहान करा, जास्त घटत असेल तर पसरट भांडे ठेवा. भांडे खोल करून उपयोग नाही, पाण्याचा पृष्ठभाग वाढला तरच आर्द्रता वाढते. सुरुवात 55 ते 60 टक्क्यांपासून करा, पण शेवटचा शब्द काट्याचा.

3. मापक तपासा

पंखा असलेल्या यंत्रात 37.5 अंश सेल्सिअस, पंखा नसलेल्यात अंड्यांच्या माथ्याच्या उंचीवर 38.3 ते 38.6. सतत अर्धा-एक अंश जास्त राहिले तर पिल्ले लवकर आणि ओल्या, रक्ताळ बेंबीची निघतात. कमी राहिले तर उशिरा, अशक्त आणि मोठ्या पोटाची. यंत्राचा तापमापक ताप मोजायच्या डिजिटल थर्मामीटरशी कोमट पाण्यात ताडून पाहा. यंत्राच्या तापमापकाचे टोक पाण्यात बुडवता येणारे असेल तरच हे करा. आर्द्रतामापकासाठी झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे भिजवा आणि मापकासह हवाबंद डब्यात 10-12 तास ठेवा. आकडा 75 यायला हवा. 68 आला तर तो 7 टक्के कमी दाखवतो.

4. फिरवणे आणि थंड करणे

दिवसातून तीन ते पाच वेळा, विषम संख्येने फिरवा. नाहीतर भ्रूण पापुद्र्याला चिकटतो किंवा पिल्लू उलटे वळून निमुळत्या टोकाला चोच मारते. मादी रोज उठून पोहून येते आणि ओल्या पिसांनी पुन्हा बसते. त्याच धर्तीवर 8 व्या ते 25 व्या दिवसापर्यंत रोज 10-15 मिनिटे झाकण उघडे ठेवून कोमट पाण्याचा हलका फवारा मारतात. फिरवणे आणि फवारा दोन्ही 25 व्या दिवशी थांबवा.

5. शेवटचे तीन दिवस

आर्द्रता 70 ते 75 टक्के, हवेचे झरोके उघडे, झाकण बंद. कवचाला पहिला टवका पडल्यावर पिल्लू बाहेर यायला 24 ते 48 तास लागतात. बाहेरून शांत दिसते, पण आत ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असते आणि पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या अजून जिवंत असतात. या वेळी सोलायला घेतलेले पिल्लू रक्तस्रावाने मरते. 48 तास उलटले आणि टवक्याभोवतीचा पापुद्रा तपकिरी, कोरडा पडला तरच कापसाच्या बोळ्याने कोमट पाणी लावा, नाकपुड्या टाळून. कवच किंचित मोकळे करा. रक्ताचा ठिपका दिसला की थांबा.

6. पुढची खेप लावताना

एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळेल. चिखलाने माखलेली अंडी लावूच नका, एक नासले की शेजारची जातात. यंत्र रिकामे झाल्यावर लव आणि कवचाचे तुकडे काढून साबणाने धुवा, निर्जंतुक करा आणि पूर्ण सुकल्यावर अंड्यांशिवाय एक दिवस चालवून तापमान स्थिर होते का ते बघा.