शनिवारच्या पार्टीची तयारी शुद्धीत असतानाच

सेक्स आणि नशा दोन्ही असू शकेल अशी पार्टी शनिवारी रात्री असली तरी तयारी दोन-तीन दिवस आधी लागते. प्रेप, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या गोळ्या, घेत असशील तर गोळ्या मोजून बघ. रोज न घेणाऱ्या गे पुरुषांसाठी सेक्सच्या २ ते २४ तास आधी दोन, मग पहिल्या डोसपासून २४ आणि ४८ तासांनी एकेक, असा क्रमही आहे. पण एचआयव्ही चाचणी करून, डॉक्टरांना विचारूनच. हेपॅटायटिस बी असेल तर हा क्रम चालत नाही. चाचणी सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-चाचणी केंद्रात, मोफत होते, जवळचं केंद्र १०९७ या एड्स हेल्पलाइनवर कळतं. मुंबईत १९९४ पासून काम करणारी हमसफर ट्रस्ट ही एलजीबीटी लोकांसाठीची संस्थाही आहे. गनोरिया-क्लॅमिडिया या सेक्समधून पसरणाऱ्या रोगांसाठी नुसती लघवी तपासून भागत नाही. घसा आणि गुदद्वाराचा स्वॅबही मागून घे.

खिशात कंडोम आणि पाण्याचा बेस असलेलं ल्युब. खोबरेल किंवा व्हॅसलीन नको, त्याने लेटेक्स फाटतं.

आता नशेचं. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, २०१५ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली आहे आणि पुडीत नेमकं काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. घेऊ नकोस, हेच माझं म्हणणं. तरीही घेणारे घेतात, आणि त्यांचा जीव मला तितकाच मोलाचा वाटतो, म्हणून सांगतो: सगळ्यात घातक असतं ते मिश्रण. पॉपर्सबरोबर (बाटलीतून हुंगायचं रसायन) व्हायग्रा कधीच नाही, रक्तदाब एकदम कोसळतो. ‘जी’वर (जीएचबी किंवा जीबीएल, पातळ नशा) दारू कधीच नाही, श्वास थांबू शकतो. ओढायची नळी किंवा नोट आपली आपली ठेव. हेपॅटायटिस सी तिच्यावरूनही पसरतो.

कशाला हो आणि कशाला नाही, हे एका मित्राला निघण्याआधीच सांगून ठेव. कुणी हाक मारूनही उठत नसेल, घोरत असेल, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नका. कुशीवर वळवा, १०८ लावा, एकटं सोडू नका आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. पोलिसांच्या भीतीने वाया गेलेली दहा मिनिटं जीव घेऊ शकतात.

कंडोम फाटला, किंवा रात्रीचं काही आठवतच नसेल, तर पेप, म्हणजे धोका घडून गेल्यावर एचआयव्ही टाळायचं औषध, ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. जितकं लवकर तितकं बरं, आणि गोळ्या २८ दिवस. रविवारी ओपीडी बंद असते, म्हणून पेप कुठल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत मिळतं हे आधीच विचारून पत्ता फोनमध्ये ठेव. आणि नशेशिवाय सेक्स नकोसाच वाटायला लागला असेल, तर १४४४६ हा नंबरही तिथेच सेव्ह कर. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन मोफत लागतो.