कोवळ्या भाजीचा लगदा का होतो? या चुका टाळा

शेतकरी बाजारातून वसंतातली कोवळी भाजी हौसेनं आणावी आणि ताटात मात्र काळपट लगदा पडावा, हे अनेकांच्या घरी होतं. दोष भाजीला देऊ नका. जून भाजीला जी वागणूक चालते ती कोवळीला सोसत नाही.

पहिली गडबड गॅस पेटवायच्या आधीच होते. मटार सोलायचा कंटाळा म्हणून पिशवी ओट्यावर दोन दिवस तशीच पडते आणि मग ‘यंदा मटार गोडच नाही’ अशी कुरकुर. शेंग तोडली की दाण्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, उकाड्यात तर भराभर. मटार त्याच दिवशी शिजवा. जमणार नसेल तर सोलून दीड मिनिट उकळत्या पाण्यात टाका, लगेच बर्फाच्या पाण्यात काढा आणि निथळून फ्रीझरमध्ये ठेवा.

मुळा, गाजर, बीट पाल्यासकट ठेवू नका. पाला कंदातलं पाणी ओढत राहतो आणि मुळा दुसऱ्या दिवशी वाकवला तरी मोडत नाही. पाला कापून वेगळा ठेवा, पण फेकू नका. त्याचीही भाजी होते. मुळा मऊ पडलाच असेल तर तासभर गार पाण्यात बुडवून ठेवा, बराचसा सावरतो.

पालेभाजी धुऊन ओलीच फ्रिजात ठेवली की सडते. धुवायची ती करायच्या वेळी. धुतल्यावर पातेलं चाळणीत उपडं करायची सवय मात्र सोडा, कारण तळाला बसलेली माती पुन्हा पानांवरच येते. पानं हातानं वर उचलून घ्या आणि पाणी मागे राहू द्या.

आता रंग. हिरवा रंग क्लोरोफिलचा, आणि त्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. आच आणि आम्ल एकत्र आले की ते निसटतं आणि भाजी शेवाळी-तपकिरी दिसायला लागते. भाजीत स्वतःचं आम्ल असतंच. त्यातलं काही वाफेबरोबर उडून जातं, झाकण असलं की परत भांड्यात ठिबकतं. म्हणून पालक, शेंगा, मटार उघड्यावर, भरपूर उकळत्या पाण्यात, थोडाच वेळ. लिंबू पिळायचं ते ताट वाढताना. मीही कितीतरी वर्षं ते कढईतच पिळत होतो आणि भाजीवाल्याला नावं ठेवत होतो. खायचा सोडा घातला तर रंग राहतो, पण भाजी गिळगिळीत होते आणि क जीवनसत्त्वही जास्त जातं. माझ्या मते हा सौदा तोट्याचाच.

परतताना कढई गच्च भरली की भाजी परतली जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडते. दोन घाणे काढा. मीठ शेवटी घाला, नाहीतर पाणी लवकर सुटतं.

नव्या बटाट्याचं साल अंगठ्यानं चोळलं तरी निघतं. त्यात स्टार्च कमी असतो, त्यामुळे तो उकडून फोडी करायला उत्तम. कुस्करून मऊ लगदा करायला गेलात तर चिकट होतो.

एवढं करूनही जास्त शिजलंच, तर परत परतत बसू नका. थोडं पाणी घालून मिक्सरला फिरवा आणि सूप म्हणून वाढा. रंग गेला असला तरी चव अजून शिल्लक असते.